हात गरम असतो की गार

महाल, नागपूर
९ डिसेंबर १९७३

प्रिय वसंत,

हे पत्र एकटा असताना वाच आणि वाचून फाडून टाक. तुझ्या आईच्या, बायजाआत्यांच्या हाती पडू देऊ नकोस. आपल्या भाचीबद्दल असं काही वाचून त्यांना त्रास होईल.

एकोणीस वर्षांपूर्वी होस्टेलच्या गच्चीवर तूच मला म्हणाला होतास, "माझ्या मामाची पोरगी आहे, प्रेमिला. तुझ्यासारख्या मुक्या माणसाला तीच सांभाळेल." म्हणून हे सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही. प्रेमिलाचं मन घरात राहिलेलं नाही. ते गांधीबागेत आहे.

मी इतिहास शिकवतो. पुराव्याशिवाय बोलू नये, असं मुलांना सांगतो. तेव्हा पुरावा देतो.

दिवाळीपासून ती गांधीबागेत महिला मंडळाच्या शिवणवर्गाला जाते. तिथे भैयाजी नावाचा कापडाचा व्यापारी कटपीस पुरवतो. जाताना ती इतकी झपाझप चालते, की मला मागून गाठता येत नाही. (हो, एकदा मी मागून गेलो. लिहितानाही लाज वाटते.) परत येते तेव्हा गाल लाल असतात. तिने स्वतःसाठी नवी पोलकी शिवलीत, जुन्यांपेक्षा घट्ट. या वयात ती बारीक होते आहे. आणि जेवते मात्र माझ्याहून जास्त. सुखी माणसाला भूक लागते, हे मी पाहिलेलं आहे.

या थंडीत ती दोनदा आंघोळ करते, खिडक्या उघड्या टाकते. आई परवा म्हणाली, "काय वं प्रेमिला, अंगाले आग लागली काय?" ती हसली. डोळे मोठे झालेत तिचे, काजळ न घालता चमकतात. मी पाहत बसलो की भडकते, "काहून पाहून राहिले असे? चोर आहे का मी?" आणि लगेच रडते.

गेल्या रविवारी भैयाजी कापडाचं गाठोडं द्यायला घरी आला. तिने चहा आणला तेव्हा कपबशी अशी खडखडत होती, की निम्मा चहा बशीत. तो म्हणाला, "भाभीजी, ठंडी में पसीना? हमारे यहाँ तो लोग रजाई में घुसे हैं." ती म्हणाली, "माह्या अंगातच शेगडी आहे, भैयाजी." दोघं हसले. मीही हसलो.

शेवटचं. माझ्या आईने लग्नात घातलेली ठुशी तिने काढून ठेवली आहे. गळ्याभोवती पदर घट्ट ओढून घेते. काय लपवते?

तू म्हणशील, तिलाच का विचारत नाहीस. विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

तुझा,
शालिकराम

◆

परळ, मुंबई
१६ डिसेंबर १९७३

प्रिय शालिक,

भैयाजीची काळजी सोड. मला पुढच्या प्रश्नांची उत्तरं पाठव, लगेच आणि तुझ्या नेहमीच्या नेमकेपणाने.

तिचा हात हातात घेतल्यावर ओला लागतो का? ओला असेल तर गरम असतो की गार? हात पुढे पसरून बोटं लांब केली की ती थरथरतात का? झोपेतही तिची नाडी धावत असते का? पदर बाजूला असताना गळा समोरून भरल्यासारखा दिसतो का? पाळीत काही बदल? जिना चढताना दम लागतो का?

कारण आत्ता सांगत नाही. तपासल्याशिवाय रोगाचं नाव घ्यायचं नाही, अशी आमच्या विभागात शिस्त आहे. पण तिला आठ-पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे घेऊन ये. आईलाही भाची पाहायची आहे. आणि मला तिला बघायलाच हवं.

वसंत

◆

महाल, नागपूर
२३ डिसेंबर १९७३

प्रिय वसंत,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. "मला तिला बघायलाच हवं" या वाक्यापाशी तिन्ही वेळा थांबलो.

मी तुला एका परक्या माणसाबद्दल लिहिलं. उत्तरात तू त्याच्याबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस. तुझे सगळे प्रश्न तिच्या हाताबद्दल, गळ्याबद्दल, झोपेबद्दल. पाळीबद्दलसुद्धा. कुठल्या मित्राने मित्राला असं पत्र लिहिलं असेल?

आपल्या लोकांत मामाची पोरगी म्हणजे भाच्याच्या हक्काची. ते तुलाही ठाऊक, मलाही. तू हक्क सोडलास आणि स्थळ माझ्याकडे वळवलंस, तेव्हा मी कारण विचारलं नाही. तू लग्नच केलं नाहीस, त्याचंही नाही. आज विचारतो. ती तुझा उल्लेख कधी "वसंतभाऊ" असा करत नाही. "वसंता" म्हणते. आजवर हे मला गोड वाटत होतं.

तरीही उत्तरं देतो, कारण विचारलेल्याला उत्तर न देणं माझ्याकडून होत नाही.

हात ओला लागतो. गरम असतो. हे सांगण्यासाठी मला तो हातात घ्यावा लागला. किती वर्षांनी घेतला ते आठवत नाही. "भविष्य पाहून राहिले का?" असं म्हणाली आणि हात तसाच राहू दिला. बोटं थरथरतात. मुख्याध्यापकांनी बोलावल्यावर माझीही थरथरतात, म्हणून मी याला पुरावा मानत नाही. झोपेत नाडी धावते. मनात कुणी असल्यावर झोपेत तरी ती का थांबेल? गळा पाहिला. समोर भरलेला आहे, दोन्ही बाजूंनी. डाग किंवा खूण नव्हती. मी खूण शोधत होतो, हे तुला कळलं असेलच. पाळीचं मी तिला विचारणार नाही. जिना चढताना ती मध्ये थांबते. आमच्या जिन्यावरून गांधीबागेकडचा रस्ता दिसतो.

मुंबईला आणणार नाही. आत्यांना नमस्कार.

शालिकराम

◆

परळ, मुंबई
२ जानेवारी १९७४

शालिक,

माझी शिस्त गेली खड्ड्यात. नाव सांगतो.

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या पंखांसारखी एक ग्रंथी असते, थायरॉइड. शरीराची भट्टी किती तापवायची ते ती ठरवते. प्रेमिलाच्या बाबतीत ती बहुधा सुसाट सुटली आहे. माणूस खातो आणि वाळतो. थंडीत घामेजतो. डोळे वटारल्यासारखे होतात, हात कापतात, रडू आणि राग दाराशीच उभे असतात. घाबरलेल्या माणसाचा हात ओला आणि गार असतो. या रोग्यांचा ओला आणि गरम. म्हणून विचारलं होतं. ठुशी तिने काढली, कारण ती आता गळ्याला काचत असणार. पोलकी घट्ट नाहीत रे, ती बारीक झाली म्हणून लहान शिवलीत.

सर्वांत वाईट म्हणजे हृदय. ते असंच धावत राहिलं तर एके दिवशी ताल सोडेल. तेव्हा तुझे पुरावे कुणाला दाखवशील?

आमचं काम याच ग्रंथीवर चाललं आहे. रोग्याला किरणोत्सर्गी आयोडीन अगदी थोडं पाजतो. ते तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रातून येतं. ही ग्रंथी आयोडीनची भुकेली असते, शरीरात आलेलं सगळं ओढून घेते. मग रोग्याला झोपवून यंत्राचा डोळा मानेवरून रेघेरेघेने फिरवतो. जिथून किरण येतात तिथे कागदावर टिंब पडतं. टिंबांनी पंख भरले की रोग समजतो, आणि त्याच आयोडीनचा मोठा डोस देऊन भट्टी शांत करता येते. चाकू नाही, टाके नाहीत.

मामाच्या पोरीबद्दल विचारलंस. आईची इच्छा होती, मामांचीही. मी नाही म्हटलं. कारण माझ्यापाशी राहू दे.

आण तिला. माझा राग येत असेल तर येऊ दे, येताना तोही आण.

वसंत

◆

परळ, मुंबई
११ फेब्रुवारी १९७४

प्रिय शालिक,

तू तिला आमच्याकडे सोडून शाळेच्या परीक्षांसाठी परत गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी तपासणी केली. निकाल विचित्र आला आहे. यंत्र तासभर फिरलं आणि कागद जवळजवळ कोरा राहिला. तिच्या ग्रंथीने आमचं आयोडीन घेतलंच नाही.

मी तिला तपासलं आहे आणि रोगाबद्दल मला शंका नाही. पण कोऱ्या कागदावर विसंबून मोठा डोस देता येत नाही, आणि ग्रंथी घेतच नसेल तर दिलेला वाया जाईल. आठवून सांग, तिच्या पोटात काही औषध गेलं का? खोकल्याचं? एखादं टॉनिक?

तूर्त हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या सुरू केल्यात. पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू. तोवर ती इथेच राहील. आईच्या खोलीत दोघींचं छान चाललंय.

वसंत

◆

महाल, नागपूर
१५ फेब्रुवारी १९७४

वसंत,

पोटात औषधाचा थेंबही गेलेला नाही. मी तुला कधी खोटं सांगितलेलं नाही.

म्हणजे तुझंच यंत्र सांगतं की तिला आजार नाही. टिंबांनी पंख भरले की रोग, असं तू लिहिलं होतंस. पंख भरले नाहीत. मी तर्काने चालणारा माणूस आहे. आजार नसेल तर माझे सगळे पुरावे पुन्हा जागच्या जागी येतात. फक्त आता त्यांत भैयाजी बसत नाही. तो परवा दुकानातून हाक मारून म्हणाला, "मास्साब, भाभीजी की तबीयत कैसी है? हमारी मिसेस रोज पूछती है." त्या माणसावर मी अन्याय केला, हे कबूल.

पण तू? माझ्या डोळ्यांसमोरून ते दृश्य हलत नाही. तू तिला खुर्चीवर बसवलंस, मागे उभा राहिलास, दोन्ही हातांची बोटं तिच्या गळ्यावर ठेवलीस आणि म्हणालास, "गिळ." तिने गिळलं. पुन्हा म्हणालास, पुन्हा गिळलं. एकोणीस वर्षांत माझं तिने इतकं निमूट ऐकलेलं नाही. मी दाराशी तिची पिशवी धरून उभा होतो. डॉक्टर असेच तपासतात हे मला समजतं. समजून उपयोग होत नाही, एवढंच लिहितो.

आणि आता पाच-सहा आठवडे ती तुझ्या घरी राहणार. तुमच्या संशोधनात एक मान कमी पडली होती का?

तिला येत्या बुधवारच्या गाडीत बसवून दे. मी स्टेशनवर येईन. नाही पाठवलीस, तर पुन्हा पाठवण्याची गरज नाही.

शालिकराम

◆

परळ, मुंबई
२० फेब्रुवारी १९७४

अहो,

नमस्कार. आईंना पण सांगा.

बुधवारची गाडी गेली, मी त्यात नाही बसली. तुमचं पत्र वसंताने दाखवलं नाही, त्याचं तोंड पाहून मीच घेतलं. मग आधीचीही मागतली. देत नव्हता, पण मी रडायले लागली. हल्ली मले लवकर रडू येते, तुम्ही लिहिलंच आहे. फाडून टाक म्हटलं होतं तुम्ही, तर त्याने फाडली काहून नाहीत, विचारलं. म्हणे, "एवढं नेमकं रोगाचं वर्णन मला आजवर एकाही डॉक्टरने पाठवलं नाही."

शाळेतल्या मराठीत लिहायले बसली होती, रागात ती टिकत नाही. तशीच लिहिते.

कागद कोरा काहून राह्यला ते पहिले ऐका. दोन दिवस वसंता माझ्यामागे लागला होता, काय घेतलं, काय घेतलं. मी म्हणे, काही नाही. काल आत्या माझं पोलकं धुवून राहिल्या होत्या, तर गळ्याच्या पट्टीवर पिवळा-तपकिरी डाग. वसंता म्हणे, "हे काय वं?" मी म्हटलं, "आयोडीन आहे गा. हे रोज सकाळी कापसाने गळ्याले लावत होते, शाळेत जायच्या आधी." त्याने कपाळाले हात लावला आणि हसत सुटला. मग स्वतःलेच शिव्या दिल्या. म्हणे, "चूक माझी. भुकेली आहे असं मी लिहिलं, आणि त्या इतिहासवाल्याने तिला जेवू घातलं!" कातडीतून पण आत जाते म्हणते ते. माझी ग्रंथी आधीच तुमच्या टिंक्चरनं पोट भरून बसली होती, त्याचं आयोडीन कुठून घेईल? तुम्ही पोटात काही दिलं नाही असं लिहिलं, ते खरंच आहे. तुम्ही खोटं कधी लिहीत नाही. अर्धंच लिहिता.

त्याचा मले राग नाही. उलट सांगते. ते पंधरा-वीस दिवस तुम्ही खाली मान घालून, फुंकर मारून मारून लावत होते, आग होऊ नये म्हणून. मले वाटे, आज विचारतील. आज नाही तर उद्या. तुम्ही बाटलीचं बूच लावलं आणि शाळेत गेले.

आता वसंताचं. हक्काची, हक्काची म्हणून लिहिलं तुम्ही. मी काय दोन शेतांच्या धुऱ्यावरचं झाड आहे, हक्क सांगायले? त्याने नाही म्हटलं नाही. मी म्हटलं. मी त्याले सांगतलं, "मले तुझ्याशी लगन नाही करायचं, लहानपणी तुझं नाक पुसलं आहे मी." बाबांनी मारलं असतं मले. म्हणून त्याने सगळ्यांपुढे स्वतः नाही म्हटलं, आणि बाबांच्या शिव्या खाल्ल्या. मग तुमचं स्थळ आणलं. तुम्ही पाहायले आले, पोहे खाल्ले आणि एक शब्द बोलले नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस चालेल, हा ओरडणार नाही. हो मी म्हटलं होतं, कुणी विचारलं नव्हतं तरी. त्याने लगन काहून नाही केलं, ते मले माहीत नाही, आणि मी त्याले विचारणारही नाही.

सगळं पाह्यलं तुम्ही. पोलकं, ताट, डोळे, जिना. दोन वेळा आंघोळ. मले किती भेव वाटत होतं ते नाही पाह्यलं. मले वाटे मी येडी होऊन राहिली. छातीत घोडं पळे, आणि घरात सांगावं तर तुम्ही माझ्याकडे असे पाहत होते, जशी मी परीक्षेत कॉपी केली. वर्गाले पळत जात होती, कारण तिथे बायका बोलतात.

मार्चमध्ये पुन्हा तपासणी आहे. मी इथेच राहीन. माझ्याबद्दल काही जाणून घ्यायचं असेल, तर मले लिहा. वसंताले लिहिलं तर ते पत्र मी वाचणार नाही. आणि मले विचारायले जमत नसेल, तर घ्यायलेही येऊ नका.

प्रेमिला

◆

महाल, नागपूर
४ मार्च १९७४

प्रिय प्रेमिला,

तुझं पत्र येऊन नऊ दिवस झाले. रोज बसलो आणि रोज उठलो. वसंताला पत्र लिहायला मला एक रात्र पुरत असे. आज लक्षात आलं की एकोणीस वर्षांत तुला लिहिलेलं हे माझं पहिलं पत्र. तू माहेरी गेलीस तेव्हा मी तुझ्या वडिलांना लिहीत असे.

टिंक्चरबद्दल मी वसंताला माफीचं कार्ड टाकलं आहे. त्यात तुझ्याबद्दल एक अक्षर नाही, हवं तर तपास.

माझं मन साफ झालं, असं लिहिणार होतो. लिहून पाहिलं, ते खरं नाही. तू वसंताला नकार दिलास हे वाचून मला इतका आनंद झाला, की त्या आनंदाचीच लाज वाटली. दुसऱ्या मिनिटाला वाटलं, तिचं नाव वाचवायला त्याने शिव्या खाल्ल्या, मी असतो तर खाल्ल्या असत्या का? आता मला त्याचा त्याबद्दल हेवा वाटतो. आत्यांचाही वाटतो. ज्या बायकांशी तू वर्गात बोलतेस त्यांचाही. ही खोड जाईल असं वचन देत नाही. पुरावे गोळा करणं थांबवेन, एवढं देऊ शकतो.

तू घाबरली होतीस, हे मला दिसलं होतं. मी त्याला दुसरं नाव दिलं. चमकणारे डोळे म्हणालो. तू माझ्यासमोर घाबरत असशील आणि मला सांगत नसशील, यापेक्षा तू दुसऱ्या कुणासाठी खूश आहेस हे मानणं मला सोपं गेलं. असं का, ते मला अजून समजलेलं नाही. समजलं की तुला सांगेन.

आता विचारतो. छातीतलं घोडं आता कसं आहे? झोप लागते का? त्या मोठ्या डोसची भीती वाटते का? आणि मी तिथे आलेलं तुला हवं आहे का? नको असेल तर तसं लिही. मी कारण विचारणार नाही. नाही, चुकलो. विचारेन. तुलाच विचारेन.

रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. तुझं उत्तर आल्याशिवाय देणार नाही.

शालिकराम

◆

परळ, मुंबई
२५ मार्च १९७४

अहो,

उत्तराले उशीर केला, मुद्दाम. नऊ दिवस तुम्हीही घेतले होते. मग तपासणी जवळ आली, म्हटलं तिचंही सांगून टाकू.

काल झाली. यंत्र कटकट कटकट करत फिरलं आणि दोन्ही पंख काळेभोर भरले. वसंता कागद घेऊन आत्याले दाखवायले धावला, जशी काही मी पोटुशी आहे. आत्या म्हणे, "हे काय, शाई सांडली?"

घोडं आता दुडक्या चालीने चालते. झोप लागते, पण पहाटे जाग येते आणि मग तुमच्या खोकल्याची वाट पाहते. भीती वाटते. खूप वाटते. ते औषध शिशाच्या भांड्यातून आणतात, देणारे स्वतः विटांच्या आड उभे राहतात, आणि मले म्हणतात, "प्या, काही होत नाही."

येत्या सोमवारी देणार आहेत. नंतर काही दिवस मी दवाखान्याच्या एका खोलीत एकटी राहीन. जवळ कुणी बसायचं नाही, हात लावायचा नाही. वसंता म्हणे, भेटायले येणाऱ्याने दाराशी खुर्ची टाकून बसावं आणि लवकर उठावं.

मी खोली पाहून आली. दारापासून पलंग काही फार लांब नाही. तिथून बोललेलं ऐकू येते.

रजेचा अर्ज द्या.

प्रेमिला